कुत्रा पाळायला माझी हरकत नव्हती

माझ्या पदवीत आणि माझ्यात शेवटी एकच गोष्ट आडवी उभी राहिली होती, ती म्हणजे स्वीडिश भाषा. बाकी सगळं झालं होतं. चर्चचा इतिहास झाला, ग्रीक झालं, अध्यापनशास्त्र झालं. ज्या संख्याशास्त्राने वर्गातल्या धडधाकट पोरांना रडवलं, तेही मी खिशातली जपाची दोरी घट्ट धरून पार केलं. राहिलं ते सक्तीचं स्वीडिश. ते सगळेच शेवटी ठेवतात, ताटातली नावडती भाजी ठेवावी तसं. भाजी निदान थंड होते. स्वीडिश दर सत्रागणिक कडक होत जातं.

आता आमच्या योएन्सूत स्वीडिश बोलतं कोण? कुणीही नाही. कारेलियाच्या या टोकाला माणसाला परदेशी शब्द ऐकू यायचाच असेल तर तो रशियन असतो. पण फिनिश आणि स्वीडिश, अशा देशाच्या राजभाषा दोन, आणि सरकारी नोकरी धरायची तर दोन्ही आल्या पाहिजेत. शाळेतली शिक्षिका म्हणजे सरकारी नोकर. त्यामुळे चिमुकल्यांना ईस्टरचा अर्थ फिनिशमध्ये सांगण्यासाठी मला स्वीडिश येणं कायद्याने आवश्यक होतं. कायद्याशी वाद घालायचा माझा स्वभाव नाही. माझा कुणाशीच वाद घालायचा स्वभाव नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

गावातल्या शाळांमधून आमच्या ऑर्थोडॉक्स पंथाची जी थोडी मुलं आहेत, त्यांना मी धर्माचा तास शिकवते. या शाळेतून त्या शाळेत सायकलवर जायचं, हिवाळ्यात बसने. कित्येक वर्षं ही नोकरी हंगामी होती. मग मुख्याध्यापिका पाइवीने मला बोलावलं आणि म्हणाली, "ऑगस्टपर्यंत पदवी आण, जागा कायम होईल. नाही आणलीस तर जागा जाईल, तास बंद." एवढंच. पाइवीच्या मानाने हे भाषणच झालं. मुलं कुठे जाणार, हे मी विचारलं नाही, कारण तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि मला उत्तर कळलं. विद्यापीठातली माझी मुदत जुलैअखेर संपत होती. म्हणजे स्वीडिश वसंत सत्रातच सुटायला हवं होतं.

नावनोंदणी सकाळी आठला उघडते. सकाळी आठला मी देवाच्या चित्रांसमोर असते. हा नेम मी बाळंतपणातही चुकवला नाही. त्या दिवशीही चुकवला नाही. नेमाने दिवा लावला, प्रार्थना म्हटली, उठले, संगणक उघडला, तोवर दिवसाचे सगळे वर्ग भरून गेले होते. उरला होता एकच, बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. आता ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात चर्चमधली संध्याकाळची उपासना कधी असते? बुधवारी आणि शुक्रवारी. देवाला पहिला मान दिला, तर स्वीडिशने देवाच्याच वेळेवर हक्क सांगितला. हजेरी सक्तीची. मग मी वर्गातून पळत चर्चमध्ये जायची आणि गायकवृंदाच्या मागच्या रांगेत धापा टाकत उभी राहायची. एकदा प्रार्थनेत 'आमेन'च्या जागी माझ्या तोंडून एका अनियमित क्रियापदाचा भूतकाळ निघाला. वृंदप्रमुख बाईंनी मागे वळून पाहिलं. उपासाचे दिवस असल्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत.

उपासाचं म्हणाल तर मांस, मासे, दूध, अंडी वर्ज्य, ते तर आहेच. पण दर वर्षी मी एक जास्तीचं व्रत धरते. त्या वर्षी व्रत होतं, ईस्टरपर्यंत कुणालाही विरोध करायचा नाही. कुणी काही म्हटलं तर 'बरं' म्हणायचं. मोठं गोड व्रत वाटलं होतं मला.

व्रताची पहिली फळं शेजाऱ्यांनी खाल्ली. आमच्या इमारतीत सौनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीची, बायकांची पाळी गुरुवारी असते, आणि तिथे वरच्या मजल्यावरची तेल्लेर्वो येते. कारेलियाची माणसं बडबडी म्हणून देशभर प्रसिद्ध आहेत. मी त्या कीर्तीला लागलेला डाग, आणि तेल्लेर्वो ती भरपाई. तापलेल्या दगडांवर पाणी ओतत ती म्हणाली, "भाषा पुस्तकातून येते का कधी? बोटीत बस, स्टॉकहोमला जा. दोन दिवस स्वीडिश माणसांत राहिलीस की आपोआप तोंडात बसेल."

"बरं," मी म्हणाले.

"माझी मावसबहीण गेली, ती बोलत परत आली."

तिची मावसबहीण इकडून जातानाही बोलतच गेली असणार, पण हे म्हणणं म्हणजे विरोध झाला असता.

माझ्या खालच्या मजल्यावर राइमो राहतो. सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेला. आता बाल्कनीतून अंगणाची सुरक्षा बघतो. मी अंगणातून जात होते, तो वरून ओरडला, "इरिन्या! स्वीडिश कशाला शिकतेस? त्यांनी आपल्यावर सहाशे वर्षं राज्य केलं, आता त्यांनी फिनिश शिकावं!"

"बरं," मी म्हणाले.

"मग शिकणार नाहीस ना?"

यालाही 'बरं' म्हणून मी वर्गाला गेले. एकाच आठवड्यात दोन सल्ले मान्य करून तिसरंच करणं, याला व्रत म्हणतात की लबाडी, हे मी आमच्या चर्चच्या फादर मित्रोंना अजून विचारलेलं नाही.

बोटीत बसले. व्रतच तसं होतं. बोटीवरच्या जेवणाच्या दालनात वाफाळत्या पदार्थांचे डोंगर मांडलेले, आणि त्यात माझ्या उपासाला चालणारे फक्त उकडलेले बटाटे आणि बीट. बटाट्यांना लोणी लावलंय का, हे विचारण्यासाठी मी मनात पूर्ण स्वीडिश वाक्य जुळवलं, क्रियापद जागेवर बसवलं, आणि वाढणाऱ्याला विचारलं. तो फिनिशमध्ये म्हणाला, "लावलंय, बाई. बीट घ्या." स्टॉकहोमला उतरले. बसचालकाला स्वीडिशमध्ये पत्ता विचारला, त्याने इंग्रजीत सांगितला. दुकानात विचारलं, तिथल्या मुलीने माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की मी नको असलेली मेणबत्ती विकत घेतली. शेवटी एका बाकावर एक छान म्हातारी दिसली, विणकाम करत बसलेली. मी म्हणाले, "माफ करा." एवढे दोनच शब्द स्वीडिशमध्ये गेले.

"अगंबाई!" म्हातारी अस्सल आमच्याकडच्या बोलीत ओरडली. "हा हेल कारेलियाचा! तू कुठली गं? मी नुर्मेसची!"

तिने मला घरी नेलं. कॉफी पाजली. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या नुर्मेसमधल्या एकेका घराची चौकशी केली. कोण मेलं, कोणाचं कोणाशी झालं, तळ्याकाठची ती गिरणी आहे का अजून. मी नुर्मेसला आयुष्यात एकदाच गेले आहे, तेही बसमधून. पण तिचे डोळे असे लागले होते की मी सगळ्याला 'हो' म्हणत गेले आणि तिच्या कितीतरी मेलेल्या माणसांना जिवंत करून आले. बोट सुटता सुटता पकडली. साऱ्या स्वीडनमध्ये माझ्याशी स्वीडिशमध्ये कुणी एक शब्दही बोललं नाही.

तरी लेखी परीक्षा सुटली. व्याकरण म्हणजे नेमधर्मच. रोज थोडं केलं की देव पदरात घालतो. उरली तोंडी. तिथे दोघादोघांच्या जोड्या. चिठ्ठी उचलायची, त्यावर एक प्रसंग असतो, आणि त्यावर दोघांनी आपसात बोलायचं. बाई नुसत्या ऐकतात. माझ्या जोडीला आला एलिस. वनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा, दारातून येताना वाकणारा, हामे प्रांतातला. हामेच्या माणसाबद्दल आमच्याकडे म्हणतात की त्याला काल काही विचारलं तर तो आज विचार सुरू करतो. आमच्या बाई, आन-क्रिस्टीन, पश्चिम किनाऱ्यावरच्या, जन्माने स्वीडिश बोलणाऱ्या. हसऱ्या आणि मनाने फार चांगल्या. त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचीही सोय नाही.

चिठ्ठीवर होतं: एकाला इमारतीत कुत्रा पाळायचा आहे, शेजाऱ्याची हरकत आहे. शेजारीण मी.

एलिसने छातीत हवा भरून घेतली आणि स्वीडिशमध्ये म्हणाला, "मला कुत्रा पाळायचा आहे."

माझं व्रत. मी म्हणाले, "बरं. पाळ."

आणि परीक्षा संपली. म्हणजे घड्याळाप्रमाणे बराच वेळ शिल्लक होता, पण बोलायला काही शिल्लक नव्हतं. एलिस थांबला, कारण माझं बोलणं कदाचित पुरं झालं नसेल. मी थांबले, कारण त्याचं कुत्र्याबद्दल आणखी काही असेल. मध्ये बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आम्ही दोघं एकमेकांना मोठ्या आदराने जागा देत बसलो. बाहेर छपरावरचा बर्फ घसरून पडला. एलिसने एकदा मान हलवली, मीही हलवली. खरं सांगते, इतका शांत, समाधानाचा वेळ मला त्या सबंध सत्रात मिळाला नव्हता. मनात म्हटलं, मुलगा चांगल्या घरचा आहे.

"संपलं," आन-क्रिस्टीन म्हणाल्या आणि मग फिनिशमध्ये, जरा घसा साफ करून, "इतकी शांतता मी परीक्षेत कधी अनुभवली नाही. मला उठावंसंच वाटत नव्हतं. पण दोघंही नापास."

"चूक कुठे झाली?" मी विचारलं.

"चूक झालीच नाही. चूक व्हायला बोलावं लागतं. 'भिन्न मत मांडता येते' हा मुद्दा गुणांचा आहे, इरिन्या. तू तर त्याला कुत्रा देऊनच टाकलास."

पुनर्परीक्षा शरद सत्रात. शरद म्हणजे सप्टेंबर. मुदत जुलै. मी विद्यार्थी कार्यालयात गेले. तिथे यार्को नावाचा कर्मचारी होता, माझ्याहूनही हळू आवाजात बोलणारा. आम्ही दोघं इतक्या नम्रपणे कुजबुजत होतो की मला नकार मिळालाय हे कळायलाच फार वेळ लागला.

"मुदतवाढ मिळते," तो म्हणाला.

"देव भलं करो."

"तीन कारणांसाठी. गंभीर आजार, बाळंतपण किंवा लष्करी सेवा."

एक्कावन्नाव्या वर्षी यातलं काय जमवता येईल याचा मी काही क्षण खरोखर विचार केला. "आणि व्रत?" मी विचारलं.

"त्यावर डॉक्टरांची सही मिळेल का?"

"फादरांची मिळेल."

त्याने संगणकात बराच वेळ शोधलं. बिचाऱ्याने मनापासून शोधलं. "फादर यादीत नाहीत," तो म्हणाला. "मला फार वाईट वाटतंय. पण नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या सत्रात या."

"पुढच्या सत्रात मी विद्यार्थिनीच नसेन."

"हो," तो हळुवारपणे म्हणाला, "तीही एक अडचण आहे."

मी 'बरं' म्हणून बाहेर आले आणि कपडे अडकवायच्या खोलीत लोकांच्या ओल्या कोटांमध्ये तोंड घालून उभी राहिले. मला माझ्या शाळांमधली ती मुलं दिसत होती. बाकीची सगळी लूथरच्या पंथाच्या तासाला जातात, आणि ही दोन-तीन, वर्गातून उठून, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन माझ्याकडे येतात. त्या नजरा झेलून यायला दुसऱ्या टोकाला कुणीतरी असावं लागतं.

आन-क्रिस्टीननाच दया आली. त्यांनी आम्हा दोघांसाठी स्वतःच्या वेळातून एक पुनर्परीक्षा ठेवली. दिवस मिळाला तो ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार. "पण या वेळी," त्यांनी बजावलं, "मला भांडण ऐकायचंय."

आता व्रत. फादर मित्रोंकडे गेले. ते चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ फोडत होते. सगळं ऐकून म्हणाले, "खोटं खोटं भांडण म्हणजे भांडण नव्हे."

"पण सराव खराखुरा करावा लागेल, फादर."

"मग कर. एवढंच बघ, गोडी लागू देऊ नकोस."

हा माणूस मला किती ओळखतो!

सरावाला एलिस आमच्या अंगणात आला. बसून त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, हाताला काम हवं. म्हणून आम्ही फावडी घेऊन इमारतीपुढचा बर्फ काढत भांडायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हा बर्फ डावीकडे टाकू." मी डोळे मिटले, मनात क्षमा मागितली आणि म्हणाले, "नाही. उजवीकडे." दोघांनाही घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मी कारण जोडलं. आठवड्याभरात माझ्या तोंडून 'मला तुझं म्हणणं मुळीच पटत नाही' असं सहज निघू लागलं, आणि काय सांगू, फार बरं वाटायचं. जन्मभर गिळलेलं सगळं एका परक्या भाषेत बाहेर येत होतं. मी एलिसच्या फावड्याला बोलले, टोपीला बोलले, वनशास्त्राला बोलले. तो फावड्यावर टेकून म्हणायचा, "तू जरा हळू बोल, क्रियापद सापडत नाही." आणि मी म्हणायचे, "नाही!"

तेल्लेर्वोने खिडकीतून इमारतभर बातमी पसरवली की इरिन्याने स्वीडनहून एक माणूस आणलाय आणि आता त्याला राबवतेय, वर ओरडतेय. राइमो बाल्कनीत आला.

"काय चाललंय? इथे लोक राहतात!"

मी वर पाहिलं. वर्षानुवर्षं त्याने बाल्कनीत मासे धुरी देऊन भाजलेत आणि वर्षानुवर्षं माझ्या धुतलेल्या चादरींना धुरकट माशांचा वास आलाय, आणि मी 'बरं' म्हटलंय. मी फावडं खाली रोवलं आणि अस्खलित स्वीडिशमध्ये त्याला सगळं सांगितलं. चादरी, मासे, सल्ले, सगळं. गौण वाक्यांसकट.

राइमो कौतुकाने ऐकत राहिला. "छान बोलतेस गं," तो म्हणाला. "काय म्हणालीस?"

"तुझं भलं चिंतलं," मी म्हणाले. उपासात खोटंही बोलले. एलिस फावड्यामागे तोंड लपवून हसू दाबत होता.

पवित्र गुरुवार उजाडला. सकाळी उपासना करून मी परीक्षेला गेले. पोटात फक्त जवाची पेज. आन-क्रिस्टीननी चिठ्ठ्या पुढे केल्या. मी उचलली, वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली. एका विद्यार्थ्याला मुदतवाढ हवी आहे. कार्यालयातली कर्मचारी ती नाकारते. कर्मचारी मी.

एलिसने सुरुवात केली. त्याने मनापासून तयारी केली होती. त्याची आजी आजारी होती, जंगलातल्या मोजणीला उशीर झाला होता, त्याने वाक्यं जोडून आणली होती. मी म्हणाले, नाही. आजी यादीत नाही. तो म्हणाला, फक्त एक महिना. मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. यार्कोच्या हळुवार आवाजात मी एकेक दार बंद करत गेले, आणि प्रत्येक दाराला कडी लावताना मला क्रियापद बरोबर सापडत होतं. शेवटी एलिस थांबला. माझ्याकडे त्याने असं पाहिलं, जसं मी त्या दिवशी यार्कोकडे पाहिलं असेन.

"बरं," तो म्हणाला. आणि गप्प झाला.

आन-क्रिस्टीननी आम्हाला बाहेर थांबवलं, मग मला एकटीला आत घेतलं. "इरिन्या, उत्तम. अंगावर शहारे आले. तू पास." मग त्यांचा चेहरा उतरला. "एलिस मात्र पुन्हा... त्याने हार मानली. भिन्न मत शेवटपर्यंत टिकवलं नाही. मला वाईट वाटतंय."

मला पदवी मिळाली होती. जागा, मुलं, तास, सगळं मिळालं होतं. आणि ते मी एका भल्या माणसाची बोलती बंद करून मिळवलं होतं, पवित्र आठवड्यात. मला देवाचे आभार मानावेत असं वाटेना. कोणत्या तोंडाने मानू? घरी जावं, 'बरं' म्हणावं, एवढंच करायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. स्वीडिशमध्येच. "मला हे मुळीच पटत नाही. माझ्यासारख्या कर्मचाऱ्यापुढे कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. मीही केलं होतं. समोरचं दार भिंत आहे हे कळल्यावर गप्प बसणं हेही उत्तर आहे. आणि तो आधी बोलला. बर्फात बोलला, महिनाभर. मला शिकवलं ते त्याने."

आन-क्रिस्टीन टेबलावर बोटं वाजवत राहिल्या. मग उठून त्यांनी दार उघडलं. "एलिस, आत ये. इरिन्या म्हणतेय की तू चांगला बोललास आणि तू पास व्हायला हवंस. तुझं काय म्हणणं?"

एलिस दारात वाकून उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ गेला. हामेचा माणूस.

"नाही," तो स्वीडिशमध्ये म्हणाला. "मला पटत नाही. मी वाईट बोललो. आजीचा मुद्दा मी फार लवकर वापरला, मग माझ्याकडे काही उरलं नाही. इरिन्या चांगली आहे, म्हणून ती असं म्हणते. पण ती चुकते आहे."

मी त्याला गप्प बस म्हणून खूण करत होते. आन-क्रिस्टीननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भिन्न मत," त्या म्हणाल्या, "कारणासकट. समोरच्याचा मान राखून." आणि खुर्चीत बसून काहीतरी लिहिलं. "जा आता दोघंही. मला सुट्टीला जायचंय."

कॉरिडॉरमध्ये एलिसने टोपी घातली. "आपण पास झालो का?" त्याने विचारलं.

"झालो."

"मी तर नापास करा म्हणत होतो."

"म्हणूनच."

त्याने यावर विचार सुरू केला. तो बहुधा अजूनही करत असेल.

मी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर येऊन पाइवीला फोन लावला. बर्फ वितळून पायरीवरून पाणी वाहत होतं, माझे बूट भिजत होते. म्हटलं, "स्वीडिश सुटलं. पदवी होईल. मी ऑगस्टपासून येते."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं, जागा आधीच गेली. ओठांवर 'बरं' येऊन थांबलं.

"मुलं रोज विचारतात, तू पुढच्या वर्षी असशील का म्हणून," पाइवी म्हणाली. "मी त्यांना काय सांगायचं ते मलाच कळत नव्हतं. ये."

मी फोन कानाला धरून ओल्या पायरीवर बसले. तिनेही फोन ठेवला नाही.